कुंपण आणि शेत

अमेरिकेतल्या एडिसनहून सुट्टीसाठी पुण्यात आलेले आमचे एक स्नेही परवा जेवायला आले होते. गप्पा फिरत फिरत अमेरिकेच्या निवडणुकीवर आल्या. राज्यशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीने त्यांना सरळच विचारले, ‘‘काका, देशभरात कमी मते मिळालेला माणूस तुमच्याकडे राष्ट्राध्यक्ष कसा काय होतो?’’ काकांनी वरणभात कालवता कालवता सांगितले, ‘‘अगं, अमेरिका डेमॉक्रसी नाहीच मुळी. ती रिपब्लिक आहे.’’ भाची गप्प बसली. ताटात कोशिंबीर वाढली गेली आणि विषय बदलला.

मला मात्र ते वाक्य दोन दिवस सलत राहिले. ते उत्तरासारखे दिसते, पण काम करते कडीचे. प्रश्न आत येऊ लागला की दार लावून घ्यायचे. शिवाय ते मराठीत म्हणून पाहिले की त्याची अडचण लगेच कळते. ‘अमेरिका लोकशाही नाही, प्रजासत्ताक आहे.’ म्हणजे सत्ता लोकांची नाही, प्रजेची आहे! आपल्या शालेय पुस्तकांच्या पहिल्या पानांवर संविधानाची उद्देशिका छापलेली असते आणि तीत ‘लोकशाही गणराज्य’ हे शब्द शेजारी शेजारी उभे असतात. त्यांच्यात भांडण आहे असे चौथीतल्या मुलालाही कधी वाटले नाही. बहुधा म्हणूनच हे वाक्य मराठी माणूससुद्धा इंग्रजी शब्दांतच म्हणतो.

पण शब्दांच्या कोटीवर वाद जिंकणे मला नको आहे. हे मत एकट्या काकांचे नाही. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये युटा राज्याचे सिनेटर माइक ली यांनीही जाहीरपणे लिहिले होते की आपला देश लोकशाही नाही, आणि लोकशाही हे आपले उद्दिष्टही नाही. तेव्हा हे मत त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडून घेऊ आणि मगच त्याच्याशी भांडू. त्याचे तीन पाय आहेत. पहिला असा की अमेरिकेच्या राज्यघटनेत ‘डेमॉक्रसी’ हा शब्द एकदाही येत नाही. उलट चौथ्या अनुच्छेदात प्रत्येक राज्याला ‘रिपब्लिकन’ स्वरूपाच्या शासनाची हमी दिलेली आहे. दुसरा, घटनाकारांना लोकशाहीची धास्ती होती आणि ती त्यांनी लपवली नाही. तिसरा, आणि खरा वजनदार, की सिनेट, इलेक्टोरल कॉलेज (राष्ट्राध्यक्ष थेट मतांनी न निवडता राज्याराज्यांच्या ‘इलेक्टरां’नी निवडायची पद्धत) आणि पावलोपावली घातलेले अडसर ह्या चुका नव्हेत. बहुमताने अल्पमताला चिरडू नये म्हणून मुद्दाम केलेली ती योजना आहे. म्हणून ‘प्रत्येकाचे मत सारख्या मोलाचे’ हा आग्रह धरणारा माणूस अमेरिकेच्या मूळ तत्त्वांनाच सुरुंग लावतो.

पहिला पाय मोडायला फार कष्ट लागत नाहीत. घटनेत ‘डेमॉक्रसी’ हा शब्द नाही हे खरे. पण ‘सत्ताविभाजन’ हा शब्द तरी कुठे आहे? ‘संघराज्यवाद’ नाही. न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवण्याच्या अधिकाराला तिथे नावही नाही. 1787 च्या त्या मसुद्यात ‘गुलाम’ हाही शब्द नाही. गुलामांची लोकसंख्या तीन-पंचमांशाने मोजायची, पळालेला गुलाम मालकाला परत द्यायचा, 1808 पर्यंत गुलामांच्या आयातीवर बंदी घालायची नाही, हे सगळे तीत आहे. फक्त प्रत्येक ठिकाणी ‘व्यक्ती’ असा सभ्य शब्द घातलेला आहे. शब्द नाही म्हणून वस्तू नाही, हा न्याय लावायचा तर 1787 च्या अमेरिकेत गुलामगिरीच नव्हती असे म्हणावे लागेल.

दुसरा पाय थोडा मजबूत आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. 31 मे 1787 रोजी, घटना लिहिण्यासाठी भरलेल्या फिलाडेल्फियाच्या सभेत मॅसॅच्युसेट्सचे एल्ब्रिज गेरी म्हणाले होते की आपण भोगत असलेली दुखणी लोकशाहीच्या अतिरेकातून आलेली आहेत. कर्जबाजारी शेतकऱ्यांना घेऊन डॅनियल शेजने केलेले बंड त्यांच्याच राज्यात नुकतेच शमले होते, तेव्हा ही भीती हवेतली नव्हती. पण त्याच दिवशी, त्याच सभेत जॉर्ज मेसन आणि जेम्स विल्सन उभे राहिले आणि कनिष्ठ सभागृह थेट लोकांनीच निवडले पाहिजे असे त्यांनी आग्रहाने मांडले. सभेने मान्य केले ते ह्यांचे म्हणणे. घटनाकार हा एक माणूस नव्हता. सभेत ह्या ना त्या दिवशी हजेरी लावलेले प्रतिनिधी पंचावन्न होते, आणि त्यांच्यात ह्याच प्रश्नावर मतभेद होते. त्यातले गेरींचे वाक्य तेवढे उचलायचे आणि विल्सन-मेसनांचे गाळायचे, ही वकिली झाली, इतिहास नव्हे. आणि गेरींनी शेवटी त्या घटनेवर सहीसुद्धा केली नाही, हेही सांगितले पाहिजे.

आता घटनाकारांपैकी जेम्स मॅडिसनकडे वळू, कारण सगळे जण साक्षीला त्यांनाच बोलावतात. घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ लेखमालेच्या दहाव्या लेखात मॅडिसननी लोकशाही आणि प्रजासत्ताक यांत फरक केला आहे, हे निर्विवाद. पण तो फरक कोणता, हे वाचायचे कष्ट कोणी घेत नाही. थोडे नागरिक एका जागी जमतात आणि स्वतःच कारभार चालवतात, त्याला ते शुद्ध लोकशाही म्हणतात. लोक प्रतिनिधी निवडतात आणि प्रतिनिधी कारभार चालवतात, ते प्रजासत्ताक. म्हणजे चावडीवर सगळ्या गावाने बसून निर्णय करणे आणि आमदार निवडून पाठवणे, एवढाच हा भेद आहे. आज आपण ज्याला लोकशाही म्हणतो, भारतात, जपानमध्ये, जर्मनीत, ती मॅडिसनच्या कोशात प्रजासत्ताकातच मोडते. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा शब्द घ्यायचा, त्यात आजचा अर्थ भरायचा आणि त्याच्या तोंडी न बोललेले वाक्य घालायचे, असा हा प्रकार आहे.

एकोणचाळिसाव्या लेखात मॅडिसन आणखी स्पष्ट होतात. ज्या शासनाची सगळी सत्ता प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे लोकांच्या मोठ्या समूहाकडून येते, तेच प्रजासत्ताक. एखाद्या लहानशा किंवा विशेष मानल्या गेलेल्या वर्गाकडून ती आली तर त्या शासनाला हे नाव लावता येणार नाही. आणि अलेक्झांडर हॅमिल्टन! बाविसाव्या लेखात ते लहान-मोठ्या राज्यांना सारखेच मत देण्याच्या जुन्या पद्धतीवर तुटून पडतात. त्यांचा आक्षेप असा की बहुसंख्यांचे म्हणणे चालले पाहिजे हे प्रजासत्ताकाचे मूलभूत सूत्रच त्या पद्धतीने मोडते. लक्षात घ्या, हॅमिल्टन ते सूत्र ‘प्रजासत्ताका’चे म्हणून सांगत आहेत. काकांचे प्रजासत्ताक आणि हॅमिल्टनचे प्रजासत्ताक यांची गाठभेट कधी झालेलीच नाही.

बेंजामिन फ्रँकलिन यांची गोष्ट तर आता भित्तीपत्रकांवर छापतात. सभा संपवून ते बाहेर आले, तेव्हा एलिझाबेथ पॉवेल नावाच्या बाईंनी त्यांना विचारले, की काय मिळाले आम्हाला? त्यांनी उत्तर दिले की प्रजासत्ताक, तुम्हाला सांभाळता आले तर. मेरीलँडचे प्रतिनिधी जेम्स मॅकहेन्री यांनी हा प्रसंग टिपून ठेवला म्हणून तो आपल्यापर्यंत पोहोचला. पण बाईंचा प्रश्न पुरता वाचला की मौज येते. त्यांनी विचारले होते : प्रजासत्ताक की राजेशाही? समोरच्या पारड्यात राजा होता, लोकशाही नव्हती.

राज्याराज्यांतल्या ज्या सभांनी घटना मान्य करायची की नाही हे ठरवले, तिथले बोलणेही ऐका. पेनसिल्व्हेनियात विल्सन म्हणाले की ह्या घटनेचे तत्त्व निखळ लोकशाहीचे आहे. पुढे चौतीस वर्षे सरन्यायाधीश राहिलेले जॉन मार्शल 1788 मध्ये व्हर्जिनियाच्या सभेत होते. आपण सुव्यवस्थित लोकशाहीचे पुरस्कर्ते आहोत, असे सांगून त्यांनी घटनेची बाजू लढवली. न्यूयॉर्कने तर ह्या सभेच्या निवडणुकीपुरती मालमत्तेची अट काढून टाकली आणि सगळ्या स्वतंत्र प्रौढ पुरुषांना मत दिले. घटनेचे विरोधक पॅट्रिक हेन्री चिडले होते ते नेमके ह्यावर, की मसुदा ‘आम्ही राज्ये’ असे न म्हणता ‘आम्ही लोक’ असे का म्हणतो. त्या काळच्या विरोधकाला जे दिसले ते आजच्या भक्तांना दिसू नये, याचे नवल वाटते.

हे सगळे सांगताना एक कबुली द्यायलाच हवी. ते ‘लोक’ फार थोडे होते. स्त्रिया नव्हत्या, गुलाम नव्हते, मूळचे रहिवासी नव्हते, पुष्कळ ठिकाणी गरीब गोरेही नव्हते. विल्यम लॉइड गॅरिसन ह्या गुलामगिरीविरोधकाने 4 जुलै 1854 ला भर सभेत त्या घटनेची प्रत जाळली, ती उगाच नाही. पण ह्यावरून निघते काय? पुढे पंधराव्या दुरुस्तीने (1870) वर्णाची अट गेली, सतराव्या दुरुस्तीने (1913) सिनेटर थेट लोकांच्या मताने निवडले जाऊ लागले, एकोणिसावीने (1920) स्त्रियांना मत मिळाले, चोविसावीने (1964) संघराज्याच्या निवडणुकांतली मतकराची अट संपली, सव्विसावीने (1971) वय अठरावर आले. ह्या दुरुस्त्या घटनेचा तितकाच भाग आहेत जितका 1787 चा मजकूर. एखाद्या वाड्याचा जुना ओटा तेवढा दाखवून ‘वाडा असा आहे’ म्हणणाऱ्याला आपण काय म्हणू? मूळ तत्त्व शोधायचे तर दोनशे वर्षांत ही घटना कोणत्या दिशेला वाढली ते पाहावे. ती दर वेळी अधिक लोकांना आत घेण्याकडे वाढली.

मग हे वाक्य आले कुठून? लोकांच्या हातात अधिक सत्ता जाऊ लागली की ते बाहेर येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राज्याराज्यांत सार्वमत आणि उमेदवार थेट मतदारांनी निवडण्याच्या सुधारणा येऊ लागल्या. त्यांच्याविरुद्ध 1918 मध्ये हॅरी ॲटवुडने प्रजासत्ताकाकडे परत चला असे सांगणारे पुस्तक लिहिले. 1928 च्या लष्करी प्रशिक्षण पुस्तिकेत लोकशाहीची व्याख्या जवळजवळ झुंडशाहीसारखी दिलेली होती. 1961 मध्ये जॉन बर्च सोसायटीचे संस्थापक रॉबर्ट वेल्च यांनी ह्या वाक्याचे घोषवाक्य केले. ते वर्ष कोणते होते, ते आठवा. त्याच वर्षी दक्षिणेत काळे-गोरे तरुण एकत्र बसमध्ये बसून वर्णभेद मोडत होते आणि मार खात होते. वेल्च यांची संघटना त्या नागरी हक्कांच्या चळवळीची कट्टर विरोधक होती. वाक्य कोणाच्या तोंडी, कोणत्या वेळी येते ह्यालाही अर्थ असतो.

आता तिसरा पाय. इथे प्रतिपक्षाचे म्हणणे मला मनापासून पटते, निदान अर्धे. बहुमताला मर्यादा हव्यात. 1943 मध्ये, महायुद्ध पेटलेले असताना, वेस्ट व्हर्जिनियातल्या शाळांत झेंड्याला सक्तीने सलामी द्यावी लागे. जेहोवाज विटनेसेस पंथाच्या मुलांनी ती धर्माला धरून नाकारली आणि त्यांना शाळेतून काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने बार्नेट खटल्यात ती सक्ती रद्द केली. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांच्या निकालाचे सार असे की काही हक्क मतपेटीच्या आवाक्याबाहेरच असले पाहिजेत. कोणाच्या जिभेवर काय असावे हे मोजून ठरत नाही. तीनच वर्षांपूर्वी ह्याच न्यायालयाने ह्याच प्रश्नावर उलटा निकाल दिला होता. चूक सुधारायला धैर्य लागते, ते त्याने दाखवले. हे कुंपण. ते हवेच. त्याच्याशिवाय शेत राहत नाही.

पण कुंपणाचे काम शेत राखण्याचे. कोणाच्या तरी मतांना दुप्पट-चौपट वजन देऊन त्यांच्या हाती नांगर सोपवणे हे कुंपणाचे काम नव्हे. बहुमताने अमुक करू नये, असे म्हणणे एक. अल्पमताने राज्य करावे, असे म्हणणे दुसरे. ‘रिपब्लिक आहे’ म्हणणारे पहिल्याचे पुरावे दाखवतात आणि दुसरे पदरात पाडून घेतात. बिल ऑफ राइट्स दाखवायचे आणि इलेक्टोरल कॉलेज विकायचे.

सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोनच जागा हे खोल तत्त्वज्ञान आहे असे सांगतात. ते ठरले कसे? 30 जून 1787 ला डेलावेअरचे गनिंग बेडफर्ड यांनी भर सभेत धमकी दिली की मोठी राज्ये ऐकत नसतील तर लहान राज्ये परकी मित्र शोधतील. 16 जुलैला पाच राज्ये विरुद्ध चार, आणि मॅसॅच्युसेट्सची मते दुभंगलेली, अशा काठावर तोडगा मंजूर झाला. मॅडिसन त्याच्या विरोधात होते. सभा मोडू नये म्हणून केलेला हा सौदा होता, आणि सौदा म्हणून तो समजण्यासारखाही आहे. त्याला सिद्धांत म्हणू नका, एवढेच. तेव्हा सर्वांत मोठे राज्य व्हर्जिनिया आणि सर्वांत लहान डेलावेअर यांच्या लोकसंख्येत सुमारे तेरापटींचा फरक होता. 2020 च्या जनगणनेत कॅलिफोर्नियात तीन कोटी पंच्याण्णव लाख लोक भरले आणि वायोमिंगमध्ये पावणेसहा लाख. अडुसष्ट पट. दोघांनाही सिनेटर दोनच.

भाचीचा प्रश्न ज्या इलेक्टोरल कॉलेजविषयी होता, त्याची जन्मकथा तर आणखी करुण आहे. विल्सन यांनी राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडावा असे सुचवले होते. 19 जुलैला मॅडिसनही म्हणाले की ह्या कामाला लोकच सर्वांत योग्य. पण मग त्यांनी अडचण सांगितली. मतदानाचा हक्क उत्तरेत अधिक पसरलेला आहे आणि दक्षिणेला तिच्या निग्रो लोकसंख्येचा निवडणुकीत काही उपयोग होणार नाही. गुलाम मत देणार नव्हते, तरी त्यांच्या संख्येचे वजन मालकांना हवे होते. मधे ‘इलेक्टर’ बसवले की तीन-पंचमांशाचा हिशेब तिथेही लागू करता येत होता. ह्याला दूरदृष्टी म्हणायचे?

अमेरिकन लोकांनी हे यंत्र मोडायचा प्रयत्न केला नाही असेही नाही. सप्टेंबर 1969 मध्ये इलेक्टोरल कॉलेज रद्द करणारी दुरुस्ती प्रतिनिधीगृहाने 338 विरुद्ध 70 मतांनी मंजूर केली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी तिला पाठिंबा दिला. पुढल्या वर्षी सिनेटमध्ये, मुख्यतः दक्षिणेच्या सदस्यांनी चर्चा लांबवून लांबवून, तिचा जीव घेतला. ज्याला फिलिबस्टर म्हणतात तो हा प्रकार. तो घटनेत नाही. 1806 मध्ये सिनेटने आपल्या नियमावलीतून चर्चा थांबवण्याचा एक ठराव निरुपयोगी म्हणून काढून टाकला आणि त्या भगदाडातून पुढे हा आत शिरला. आज त्याच्यामुळे शंभरांच्या सभागृहात बहुतेक कायद्यांना साठ मते लागतात. मॅडिसननी अठ्ठावन्नाव्या लेखात कायद्यांसाठी साध्या बहुमताहून जास्त मतांची अट घालण्याला विरोध करताना बजावले होते की तसे केले तर स्वतंत्र शासनाचे मूळ तत्त्वच उलटे होईल आणि सत्ता अल्पमताकडे जाईल. त्यांचीच घटना, त्यांच्याच सिनेटमध्ये.

आता ह्या वाक्याच्या पुरस्कर्त्यांना मी एकच प्रश्न विचारतो. तुमच्या ह्या अडसरांनी आजवर कोणते अल्पसंख्य वाचवले? नावे सांगा.

मी काही सांगतो. 1882 ते 1968 ह्या काळात अमेरिकेत जमावांनी ठार मारलेल्या माणसांची नोंदलेली संख्या 4,700 हून अधिक आहे, आणि त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय. 1922 मध्ये लिओनिडास डायर यांचे झुंडबळीविरोधी विधेयक प्रतिनिधीगृहाने मंजूर केले. सिनेटमध्ये ते फिलिबस्टरने मेले. त्यानंतर अशी विधेयके वारंवार आली आणि पडली. संघराज्याचा झुंडबळीविरोधी कायदा अखेर झाला तो 2022 मध्ये, झुंडबळी ठरलेल्या एमेट टिल ह्या कोवळ्या पोराच्या नावाने. बरोबर शंभर वर्षे. संरक्षण मागणारा अल्पसंख्य होता, संरक्षण द्यायला बहुमत तयार होते, आणि अल्पसंख्याच्या नावाने उभारलेला अडसर मधे आडवा झाला होता. कुंपणाने शेत खाणे म्हणजे दुसरे काय असते?

किंवा मिसिसिपी घ्या. 1890 मध्ये त्या राज्यात कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. तिथे नवी राज्यघटना लिहिली गेली; मतकर आला, घटनेतल्या कलमाचा अर्थ समजावून सांगण्याची परीक्षा आली, आणि ती परीक्षा घेणारा गोरा अधिकारी आला. ही घटना मतदारांपुढे मंजुरीला ठेवण्यातही आली नाही. 1898 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती चालवून घेतली. बहुमताची जुलूमशाही म्हणून ज्याची भीती घातली जाते, ते इथे कुठेच नाही. इथे अल्पमताने बहुमताची मानगूट धरली होती, आणि ‘राज्यांचे हक्क’ ह्या भारदस्त नावाखाली पाऊणशे वर्षे धरून ठेवली. 1965 च्या मतदान हक्क कायद्याच्या उंबरठ्यावर तिथल्या पात्र कृष्णवर्णीयांपैकी सात टक्क्यांहून कमी लोकांची मतदार म्हणून नोंद होती. दोन-तीन वर्षांत ती साठ टक्क्यांच्या घरात गेली.

दोन लांडगे आणि एक मेंढी रात्रीच्या जेवणाला काय करायचे ह्यावर मतदान करतात, तिला लोकशाही म्हणतात, असा एक विनोद फ्रँकलिनच्या नावावर फिरतो. तो त्यांच्या लेखनात कुठे सापडत नाही, पण असू द्या. माझा उलट प्रश्न आहे : एका लांडग्याला दोन मेंढ्यांपेक्षा जास्त मते दिली, तर मेंढी वाचते का?

बहुमत चुकत नाही असा माझा दावा नाही. 1942 मध्ये पर्ल हार्बरच्या संतापात एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडले गेले, आणि देशातल्या बहुतेकांना ते मान्य होते. न्यायालयाचे कुंपणही तेव्हा पडले. 1944 च्या कोरेमात्सु निकालाने त्या धोरणावर शिक्कामोर्तब केले. म्हणून तर बार्नेटसारखे निकाल मोलाचे वाटतात. पण चूक कोणाची सुधारता येते, हेही पाहावे. एडिसनच्या काकांना जवळचे उदाहरण देतो. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेल्या भगतसिंग थिंड यांना 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, एकाही न्यायमूर्तीच्या विरोधाशिवाय, नागरिकत्वाला अपात्र ठरवले. भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून. बहुतेक आशियाचे दार 1917 मध्ये काँग्रेसनेच लावले होते, हे कबूल. पण ते उघडले कोणी? 1946 मध्ये काँग्रेसनेच भारतीयांना नागरिकत्व खुले केले, आणि देशात प्रवेशही, वर्षाला शंभर जणांच्या चिमुकल्या कोट्याने का होईना. आणि 1965 च्या स्थलांतर कायद्याने देशनिहाय जुने कोटे मोडले. तो कायदा नागरी हक्कांच्या लाटेवर, 1964 च्या निवडणुकीत प्रचंड बहुमताने आलेल्या काँग्रेसने केला. एडिसनमधली मराठी घरे, तिथले गणपती आणि तिथल्या दिवाळी पहाटा हे सगळे त्या दारातून आत गेले. बहुमताने केलेली चूक बहुमताने दुरुस्त केली.

इथे कोणी डॉ. आंबेडकरांचे नाव घेईल, आणि योग्यच घेईल. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या ह्या माणसाला अमेरिकेची घटना आतून माहीत होती, आणि बहुमताचा धोका त्यांच्याइतका कोणी ओळखला नव्हता. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी अमेरिकेप्रमाणे मुदतबंद कार्यकारी मंडळ सुचवले. पण त्यांचा भेद नेमका होता. मते बदलली की बदलते ते राजकीय बहुमत. जन्माने ठरते आणि कधीच बदलत नाही ते जातीय बहुमत, आणि कुंपण हवे ते त्याच्यासमोर. ज्याला कधीच बहुमत होता येणार नाही त्याला त्यांनी संरक्षण मागितले. मात्र मताच्या मोलाविषयी त्यांना शंका नव्हती. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात त्यांनी एक माणूस, एक मत आणि प्रत्येक मताचे एकच मोल हे राजकारणातले तत्त्व म्हणून मांडले, आणि समाजात ते नाही ह्याबद्दल इशारा दिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला आपल्या राज्यांच्या विधिमंडळांपुरते तेवढे म्हणायला 1964 उजाडावे लागले. त्या वर्षी रेनॉल्ड्स खटल्यात सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी ठणकावले की प्रतिनिधी झाडांचे किंवा जमिनीच्या एकरांचे नसतात, माणसांचे असतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे. अमेरिकेच्या राज्यघटनेचे मूळ तत्त्व लोकांच्या सत्तेचे आहे. सत्तेची विभागणी, न्यायालये, हक्कांची यादी ही त्या सत्तेभोवतीची कुंपणे आहेत, आणि ती राखलीच पाहिजेत. पण सिनेटच्या जागांची वाटणी, इलेक्टोरल कॉलेज आणि फिलिबस्टर ही भीतीपोटी, सौद्यातून किंवा हलगर्जीपणातून आलेली ओझी आहेत. त्यांना तत्त्व म्हणून मिरवणे म्हणजे कुंपणालाच शेताचा सातबारा देणे.

शेवटी एक साधी वस्तुस्थिती. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली. मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हा पहिला कृष्णवर्णीय सिनेटर निवडून येऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. गुलामांना मुक्त करण्यासाठी अमेरिकेत जे झाले त्याबद्दल जोतीरावांना कोणाला तरी धन्यवाद द्यायचे होते. पुस्तक त्यांनी तिथल्या घटनेला अर्पण केले नाही, सिनेटला केले नाही, घटनाकारांनाही केले नाही. ते त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. पुढच्या सुट्टीत काका आले की भाचीला मी एवढेच सांगायला सांगणार आहे.